सहा जणांचे कुटुंब, मिनेटोंका तलाव आणि दोन जुन्या टो-बोटी: कोणती घ्यावी?

प्रश्न: उत्तरवारा

नमस्कार. आम्ही मिनियापोलिसच्या पश्चिमेकडील उपनगरात राहतो आणि गेली तीन वर्षे उन्हाळ्यात भाड्याने बोट घेऊन मिनेटोंका तलावावर जातो. आता स्वतःची जुनी टो-बोट, म्हणजे वॉटर-स्की करणाऱ्याला दोरीने ओढणारी बोट, घ्यावी असे ठरवले आहे. माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. ती दोन स्कींवर व्यवस्थित उभी राहते आणि यंदा एका स्कीवर जाण्याचा प्रयत्न करणार आहे. मुलगा नऊ वर्षांचा असून त्याला ट्यूब (बोटीमागे ओढायची फुगवलेली चकती) आणि वेकबोर्ड (बोटीच्या लाटेवर उड्या मारायची रुंद फळी) यांपलीकडे काही सुचत नाही. याखेरीज माझे आई-बाबा पुण्याहून जूनमध्ये येतात आणि सप्टेंबरपर्यंत राहतात. बाबांना पाण्याची फार आवड आहे. आईलाही यायचे असते, पण तिचे गुडघे दुखतात, त्यामुळे बोटीत चढणे-उतरणे हा तिच्यासाठी मोठाच कार्यक्रम होतो.

दोन बोटी पाहून आलो आहे. पहिली २००३ ची स्की नॉटिक १९६ आहे. इंजिन मधोमध, डायरेक्ट ड्राइव्ह, पुढचा भाग बंद, मीटरवर ६१० तास, पहिल्यापासून एकच मालक, किंमत १९,५०० डॉलर. दुसरी २००६ ची मालिबू वेकसेटर व्हीएलएक्स आहे. इंजिन मागे, व्ही-ड्राइव्ह, पुढे बसायला उघडी जागा, वर दोरी बांधायचा टॉवर, लाट वाढवण्यासाठी पाणी भरण्याच्या तीन बॅलास्ट टाक्या, ८७० तास, तिसरा मालक, किंमत २६,००० डॉलर. दोन्हींबरोबर ट्रेलर आहे. आमच्याकडे ओढण्यासाठी होंडा ओडिसी ही मिनीव्हॅन आहे. सगळा खर्च धरून २७,००० डॉलरच्या वर जाण्याची तयारी नाही.

पहिली बोट इतकी जपून वापरलेली आहे की तिच्यावरून नजर हटत नाही, पण तिच्यात सहा जण कसे बसणार हे कळत नाही. दुसरीत जागा भरपूर आहे, परंतु तिच्या मागे उठणारी लाट मुलीला स्की शिकताना आडवी येईल, असे एका परिचिताने सांगितले. ज्यांनी अशा बोटी वर्षानुवर्षे वापरल्या आहेत, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १: पहाटपाणी

मी एकवीस वर्षे स्की करतो आहे आणि त्यातली बहुतेक वर्षे डायरेक्ट ड्राइव्हच्या मागे गेली, तेव्हा माझा कल कुठे आहे हे आधीच सांगून टाकतो.

आपल्या परिचितांचे म्हणणे खरे आहे, पण अर्धे. डायरेक्ट ड्राइव्हमध्ये इंजिनाचे वजन बोटीच्या मध्यावर असते, बोट पाण्यावर सपाट बसते आणि तिच्या मागची लाट बुटकी व मऊ राहते. व्ही-ड्राइव्हमध्ये इंजिन मागच्या टोकाशी उलटे बसवलेले असते. त्याचा दांडा आधी पुढे गिअरपेटीत जातो आणि तिथून वळून मागे पंख्याकडे येतो. वजन मागे गेल्यामुळे मागचा भाग खोल बसतो आणि लाट उंच उठते. वेकबोर्डवाल्याला तीच लाट उडी मारण्यासाठी हवी असते, स्कीवाल्याला ती पायाखालच्या गतिरोधकासारखी लागते.

मात्र हा फरक खऱ्या अर्थाने कुणाला जाणवतो, याचा विचार करावा. स्पर्धेतला खेळाडू ताशी ३४ किंवा ३६ मैलांनी सहा बोयांच्या (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणांच्या) भोवती वळणे घेतो, तेव्हा त्याला लाटेतला इंचभराचा फरक कळतो. आपली मुलगी एका स्कीवर ताशी २० ते २४ मैलांनी, ७५ फुटी पूर्ण दोरीवर, मुख्यतः दोन लाटांच्या मधल्या पट्ट्यात राहून तोल सांभाळणार आहे. इतक्या कमी वेगात स्की नॉटिकचीही लाट थोडी वर येतेच. टाक्या पूर्ण रिकाम्या ठेवून आणि माणसे पुढे बसवून व्हीएलएक्स चालवली, तर या वयातल्या शिकणाऱ्याला तिची लाट अडवणार नाही. दोन-तीन वर्षांनी ती बोयांच्या मार्गावर जाण्याचा हट्ट धरू लागली, तर प्रश्न नव्याने उभा राहील, पण तोपर्यंत तिला मार्ग असलेल्या एखाद्या स्की क्लबचे सदस्यत्व घेऊन देता येईल.

दुसरी गोष्ट मिनेटोंकाची आहे. शनिवार-रविवारी दुपारी या तलावावर इतक्या बोटी असतात की पाणी एक मिनिट शांत राहत नाही. स्कीसाठी बनवलेल्या बोटीचा तळ सपाटीकडे झुकलेला आणि काठ बुटके असतात. खळबळीत ती आदळते आणि पाण्याचे फवारे आत येतात. सकाळी साडेसहाला एखाद्या आडोशाच्या खाडीत हीच बोट स्वर्गसुख देते. आपले आई-बाबा साडेसहाला निघणार आहेत की डबे भरून साडेदहाला, हे आपल्यालाच ठाऊक.

आपण मिनेसोटात आहात म्हणून सांगावेसे वाटते की वॉटर-स्कीचा जन्म आपल्या घरापासून दोन तासांच्या आतच झाला. लेक सिटी येथे पेपिन तलावावर १९२२ मध्ये राल्फ सॅम्युएलसन नावाच्या अठरा वर्षांच्या तरुणाने दोन फळ्या पायांना बांधून हा प्रयोग यशस्वी केला. मुलीला एकदा ते ठिकाण जरूर दाखवा.

उत्तर २: रेवदंडेकर

आपण २००३ विरुद्ध २००६ आणि ६१० विरुद्ध ८७० अशी तुलना केली आहे. मी आपल्याला तो कागद बाजूला ठेवण्याची विनंती करीन. नियमित वापर आणि वेळेवर तेलबदल झालेले ८७० तासांचे इंजिन, चार-चार वर्षे झाकून पडलेल्या ६१० तासांच्या इंजिनापेक्षा पुष्कळदा चांगले निघते. आपल्या प्रदेशात तर तासांपेक्षा हिवाळे मोजावेत. एका बोटीने वीसहून अधिक हिवाळे काढले आहेत आणि दुसरीनेही जवळजवळ तितकेच. त्यांतल्या प्रत्येक शरद ऋतूत कुणीतरी इंजिनातले पाणी नीट काढले होते का, हा खरा प्रश्न आहे.

या इंजिनांना बहुधा तलावाचेच पाणी थंड ठेवते. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते आणि लोखंडाच्या ओतीव ठोकळ्याला ते फुगणे सोसत नाही. म्हणून ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंची बुचे, दोन्ही एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, पंपाच्या नळ्या आणि व्ही-ड्राइव्ह असेल तर तिच्या गिअरपेटीला थंड करणारी वाट, हे सर्व हिवाळ्यापूर्वी रिकामे करावे लागते. इथल्या बोटींत पायांशी गरम हवेचा हीटर असतो, त्याच्या नळ्यांत पाणी राहून जाते आणि नेमके तेच लोक विसरतात. मी स्वतः विसरलो होतो. माझ्या पहिल्या बोटीचा हीटर एप्रिलमध्ये फुटलेला सापडला. ठोकळा वाचला हे माझे नशीब, कारण ती चूक संपूर्णपणे माझीच होती.

बोट पाहायला जाताना विक्रेत्याला आधी स्पष्ट सांगा की इंजिन थंड हवे. आपण पोहोचण्यापूर्वी त्याने ते चालवून गरम करून ठेवले असेल, तर त्या दिवशी तसेच माघारी फिरा. तेलाची कांडी काढून पाहा. तेल दुधाळ किंवा कॉफीसारखे दिसले, तर त्यात पाणी शिरले आहे. ठोकळ्याच्या बाजूंवर, मॅनिफोल्डच्या खालच्या अंगाला विजेरी मारून पाहा. तिथे ताजा रंग, भेग बुजवण्याची लांबी किंवा वेल्डिंगची रेघ असेल, तर ती कशासाठी आहे हे विचारा. आठही सिलिंडरांचा दाब मोजून घ्या. आकडा किती येतो त्यापेक्षा ते आकडे एकमेकांपासून दहा टक्क्यांहून अधिक दूर नाहीत ना, हे महत्त्वाचे. गिअरपेटीचे तेल हुंगून पाहा, करपल्याचा वास येता कामा नये. बोटीच्या मागच्या बाजूला उजव्या अंगावर बारा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक कोरलेला असतो आणि त्याचे शेवटचे दोन अंक मॉडेलचे वर्ष सांगतात. तो मालकीच्या कागदाशी जुळवून पाहा आणि बोटीवर कर्जाचा बोजा शिल्लक नाही ना, याची खात्री करून घ्या.

यानंतर तलावावर चाचणी. घराच्या अंगणात बागेची नळी लावून चालवलेले इंजिन फारसे काही सांगत नाही. पाण्यात पूर्ण वेग द्या, मग एकदम कमी करा, दोन्ही दिशांना पूर्ण वळवा. सुकाणूचे चाक जड लागते का, दांड्यातून थरथर जाणवते का, ताशी २० मैलांवर वेगनियंत्रक वेग धरून ठेवतो का, तापमानाचा काटा कुठे स्थिरावतो, हे पाहा. परत आल्यावर तळाशी किती पाणी साचले ते पाहा. टॉवर असलेल्या बोटीत त्याचे पाय जिथे काठावर बसवलेले असतात, तिथल्या कवचावर कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे नाहीत ना, तेही पाहा. स्वतंत्र सर्वेक्षकाला काही शे डॉलर द्यावे लागतील, पण इतक्या जुन्या बोटीसाठी मी ते कधीच वाचवणार नाही.

माझे आजोबा रेवदंड्याला मासेमारीच्या होडीवर होते. आमच्याकडे होडीच्या पुढच्या टोकाला नाळ म्हणतात, आणि होडी विकत घेताना ते आधी नाळेपासून पाठीमागपर्यंत बोटाच्या पेराने ठोकत जात. कुजलेल्या लाकडाचा आवाज वेगळा येतो. आपल्या दोन्ही बोटींचे वय पाहता आतल्या लाकडी आधारांची भीती बाळगण्याचे कारण नाही, तरी इंजिनाचे पाय जिथे घट्ट बसवले आहेत ते बोल्ट हाताने हलवून पाहण्याची सवय मला त्यांच्यामुळेच लागली.

उत्तर ३: वेझाटाची गृहिणी

मी स्की करीत नाही, पण आमच्या बोटीत कोण कुठे बसणार, हे गेली नऊ वर्षे मीच ठरवते. त्यामुळे या बाजूने लिहिते.

बंद नाळेच्या स्की-बोटीत मधोमध इंजिनाची पेटी असते. चालक, त्याच्या शेजारी मागे तोंड करून बसणारा निरीक्षक आणि मागच्या बाकावर तिघे, इतकी माणसे सुखाने बसतात. सहावा माणूस बसतो, पण मग ओले टॉवेल, लाइफ जॅकेट, पाण्याचा डबा आणि दशम्यांची पिशवी कुणाच्या ना कुणाच्या मांडीवर येते. पुढून मागे जाताना त्या पेटीला वळसा घालावा लागतो, आणि आपल्या आईंच्या गुडघ्यांना तेच जड जाईल. व्हीएलएक्समध्ये मधला मार्ग मोकळा असतो. आई-बाबांसाठी बिमिनी म्हणजे वरचे कापडी छत असायलाच हवे. टॉवरवर ते आहे का, हे विचारून घ्या.

उघड्या नाळेबद्दल एक इशारा. मुलांना पुढेच बसायचे असते. चार-पाच जण पुढे बसलेले असताना बोट एकदम थांबवली, तर स्वतःचीच मागून आलेली लाट किंवा समोरून येणारी मोठी लाट पुढून आत शिरते. हे मी पाहिले आहे. वेग हळूहळू कमी करावा आणि पुढे दोघांहून अधिक बसू देऊ नये. वीस फुटांपेक्षा लहान बोटींवर किती माणसे आणि किती पौंड वजन चालेल याची पट्टी लावणे अमेरिकन कायद्याने बंधनकारक आहे, म्हणून ती स्की नॉटिकवर असेलच. व्हीएलएक्स २१ फुटांची आहे, तरी निर्मात्याची पट्टी बहुधा असते. लोक विसरतात की टाक्यांत भरलेले पाणीसुद्धा वजनच आहे. १,००० पौंड पाणी म्हणजे सहा मोठी माणसे आधीच बसल्यासारखे होते, आणि त्यावर आपण सहा जण चढणार.

सर्वांत कळकळीने सांगायचे ते कार्बन मोनॉक्साइडबद्दल. त्याला वास नसतो, रंग नसतो. बोट हळू चालत असताना हवेचा भोवरा मागचा धूर पुन्हा बोटीत आणि मागच्या फळीवर ओढून घेतो. वेकसर्फिंग, म्हणजे दोरी सोडून बोटीच्याच लाटेवर फळी चालवणे, ताशी दहा-अकरा मैलांवर, बोटीच्या अगदी जवळ केले जाते, त्यामुळे तिथला धोका अधिक. डोके दुखू लागते, मळमळते, आणि आपण म्हणतो की मुलाला बोट लागली. इंजिन चालू असताना मागच्या फळीवर कुणीही बसायचे नाही, पाय सोडून तर मुळीच नाही, हा आमच्याकडे पहिला नियम आहे. कुणी पाण्यातून वर चढत असेल तर इंजिन बंद, नुसते न्यूट्रल नव्हे.

आपला मुलगा नऊ वर्षांचा आहे. मिनेसोटात दहा वर्षांखालील मुलांनी चालू बोटीत लाइफ जॅकेट घातलेच पाहिजे. कुणाला ओढत असताना चालकाखेरीज निरीक्षक किंवा रुंद कोनाचा आरसा, यांपैकी एक कायद्याने लागतो. आमच्याकडे दोन्ही असतात, कारण आजोबा निरीक्षक झाले की ते नातवाकडे कमी आणि बगळ्यांकडे जास्त पाहतात. आणि ट्यूबची दोरी टॉवरला कधीही बांधू नका. पाण्यात बुडून खेचली गेलेली ट्यूब एका वेकबोर्डवाल्यापेक्षा कितीतरी जास्त ओढ देते. तिच्यासाठी खालची, मागच्या भिंतीवरची कडी असते.

उत्तर ४: चौथा गिअर

ओडिसीविषयी कुणी लिहिले नाही म्हणून लिहितो. होंडाने या गाडीसाठी ओढण्याची मर्यादा जास्तीत जास्त ३,५०० पौंड ठेवली आहे. स्की नॉटिक, ट्रेलर, इंधन आणि सामान मिळून ४,००० पौंडांच्या आसपास जाते. व्हीएलएक्स तर ५,००० च्या जवळ. म्हणजे दोन्हींपैकी एकही आपल्या गाडीमागे लावता येणार नाही. रॅम्पवरून, म्हणजे बोट पाण्यात उतरवण्याच्या उतारावरून, वर येताना ओल्या काँक्रीटवर पुढच्या चाकांची पकडही सुटते. एक तर दुसऱ्या गाडीचा खर्च अंदाजपत्रकात धरा, किंवा हंगामापुरती तलावावर लिफ्टसह (बोट पाण्याबाहेर उचलून ठेवणारा सांगाडा) जागा भाड्याने घ्या. ट्रेलरच्या टायरवरचे शेवटचे चार अंक आठवडा आणि वर्ष सांगतात. नक्षी कितीही नवी दिसली, तरी जुने टायर बदला.

उत्तरवारा

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. गाडीबद्दल मी किती निष्काळजी होतो हे वाचून खरोखर हादरलो. त्या रात्री बसून आम्ही दोघांनी सगळा हिशेब नव्याने मांडला. पत्नीच्या कार्यालयातील एका सहकाऱ्याच्या नातेवाइकांची तलावावर लिफ्ट रिकामी आहे आणि ती ते हंगामाला अठराशे डॉलरने देण्यास तयार आहेत. वसंतात आणि शरदात बोट नेण्या-आणण्यासाठी एका स्नेह्याचा पिकअप ट्रक मिळेल. अर्थात त्यामुळे बोटीसाठी पंचवीस हजारांच्या आतच राहावे लागणार, म्हणजे २६,००० ची किंमत आम्हाला परवडत नव्हती.

दोन्ही बोटींची चाचणी झाली. स्की नॉटिक आम्ही पोहोचलो तेव्हा गरमच होती. मालक सज्जन वाटले, त्यांनी कारणही सांगितले, पण मी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. थंड इंजिनही पहिल्या झटक्यात चालू झाले आणि दाबाचे आठही आकडे जवळजवळ सारखे आले. म्हणजे बोट उत्तम आहे. मुलगी तिच्यामागे गेली आणि परत येऊन काहीही बोलली नाही, नुसती हसत राहिली. परंतु आई चढताना इंजिनाच्या पेटीला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "मी धक्क्यावरच बसते रे, तुम्ही जाऊन या." ते वाक्य मला सहन झाले नाही.

व्हीएलएक्सच्या सर्वेक्षणात इंजिन आणि गिअरपेटी निर्दोष निघाली. मात्र सुकाणूची केबल जड झालेली आहे, एका बॅलास्ट टाकीचा पंप बंद आहे आणि ट्रेलरचे चारही टायर जुने आहेत. ही यादी समोर ठेवल्यावर मालकांनी २३,४०० डॉलर मान्य केले. केबल आणि टायर लगेच बदलणार आहे. पंपाला या वर्षी हात लावणार नाही, कारण टाक्या भरण्याचा विचारच नाही. मिनेसोटा विद्यापीठाच्या सेंट अँथनी फॉल्स प्रयोगशाळेचा २०२२ चा अहवाल मी वाचला. वेकसर्फिंगच्या मोठ्या लाटांसाठी काठापासून ५०० फुटांहून अधिक अंतर ठेवावे, अशी शिफारस त्यात आहे, आणि आम्ही जिथे लिफ्ट घेतली आहे त्या खाडीत तेवढे अंतर सगळीकडे मिळणार नाही. शिवाय त्या टाक्यांत शिल्लक राहिलेल्या पाण्यातून झेब्रा शिंपल्यांची (तलावांत पसरणाऱ्या एका उपद्रवी जातीची) पिले दुसऱ्या तलावात जाऊ शकतात, हेही समजले.

एकच अडचण विचारायची राहिली. चाचणीत मी बोट धक्क्यापासून मागे घेऊ लागलो, तेव्हा चाक कोणत्याही बाजूला फिरवले तरी ती एकाच बाजूला तिरकी जात होती. भाड्याच्या बोटी असे करीत नसत. यात काही दोष आहे का?

रेवदंडेकर

अभिनंदन. दोष नाही. आपण भाड्याने घेत होता त्या बोटींत पंखाच वळतो, म्हणून मागे जातानाही दिशा मिळते. इनबोर्ड बोटीत पंखा जागेवर स्थिर असतो आणि सुकाणू त्याच्या मागे असते. पुढे जाताना पंख्याचे पाणी सुकाणूवर आदळते, म्हणून चाक ऐकते. मागे जाताना ते पाणी दुसरीकडे फेकले जाते आणि सुकाणू जवळजवळ निरुपयोगी होते. त्यातच फिरणारा पंखा मागचा भाग एका अंगाला खेचतो. ही ओढ नेहमी त्याच बाजूला असते, तेव्हा ती ओळखून ठेवा आणि धक्क्याला लागताना तिचाच उपयोग करून घ्या.

मागे घेताना चाक फिरवत बसू नका. थोडे मागे घ्या, न्यूट्रलला आणा, चाक पूर्ण वळवा, मग पुढच्या गिअरचा अगदी क्षणभर झटका द्या. मागचा भाग जागच्या जागी फिरतो. पुन्हा न्यूट्रल, पुन्हा मागे. झटका एक सेकंदाचा असावा आणि इंजिनाचा वेग वाढवू नये. लिफ्टवर चढवण्याआधी वारा नसलेल्या एखाद्या संध्याकाळी, मुले आणि आई-बाबा घरी असताना, एखादा तरंगता बोया मध्ये धरून अर्धा तास एवढाच सराव करा. दोन्ही काठांना फेंडर, म्हणजे धक्का सोसणाऱ्या गाद्या, आधीच बांधून ठेवा आणि पहिले काही दिवस धक्क्यावर दोरी धरायला कुणीतरी उभे असू द्या. मात्र त्याला आधीच बजावा की बोट पायाने अडवायची नाही.